वरची रेघ

आमच्या सॉल्ट फोर्कच्या गुरांच्या बाजारात जुलैच्या भर उन्हातही मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा घालणारं माणूस एकच, व्हर्ना नेस. पुरुष नुसत्या बनियनवर फिरायचे, घोडीसुद्धा सावली शोधायची आणि ही बाई घामानं निथळत खोड्यापाशी उभी. कुणी विचारलंच, तर "तुझ्या बापाचं काय जातं?" एवढं उत्तर मिळायचं. दुसऱ्यांदा विचारायला कुणी गेलं नाही, कारण तिच्या हातात केस भादरायचं यंत्र असे आणि तोंड त्याहून धारदार.

तिचं काम सरकारी डाग तपासनिसाचं. मोंटानात गाय विकायची तर तिच्या मांडीवर भाजून उठवलेला मालकाचा डाग आधी तपासनिसानं वाचायचा, तो विकणाऱ्याच्याच नावावर आहे ना ते बघायचं, मग कागदावर सही करायची. सही नाही तर विक्री नाही. लोक कुरकुरतात, पण कायदा मोठा खट आहे. चोरीची गाय तुम्ही कितीही भल्या मनानं, चार साक्षीदारांसमोर विकत घेतलीत, तरी ती तुमची होत नाही. चार वर्षांनी खरा मालक दारात उभा राहिला की दोर त्याच्या हातात द्यायचा आणि आपण बोंबलत बसायचं. विकणारा तोवर तीन राज्यं ओलांडून गेलेला असतो. घेणाऱ्याला गाय दिसते, ती कुणाच्या कळपातून निघाली ते दिसत नाही. ते बघायला आमच्याकडे व्हर्ना होती.

हे काम हळुवार माणसाचं नव्हे. चारशे किलोचं बुजलेलं जनावर लोखंडी खोड्यात कोंडायचं आणि त्याच्या लाथेच्या टप्प्यात उभं राहून डागावरचे केस काढायचे. एका बैलानं तिचे पुढचे दोन दात नेले. एका गाईनं फाटक आणि खांब यांच्यात तिची करंगळी चिरडली. लोंबणारं पेर तिनं स्वतःच चाकूनं उडवलं, रुमाल गुंडाळला आणि उरलेली एकोणीस गुरं तपासून मगच दवाखान्यात गेली. डॉक्टर ओरडले, तर त्यांनाही म्हणाली, "तुमच्याकडे रांग होती, माझ्याकडेही होती."

एका बाबतीत मात्र ती इतरांसारखीच होती. आमच्याकडे ओळखीच्या माणसाच्या गुरांचे केस भादरणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला चोर म्हणणं. त्यामुळे शेजारीपाजारी, नातेवाईक यांचा कळप तपासनीस कुंपणावरूनच नजरेखालून घालतो, बायकामुलांची चौकशी करतो आणि सही ठोकतो. व्हर्नाचा धाकटा भाऊ लाईल ट्वाइट दर ऑक्टोबरला गुरं आणायचा आणि वीस वर्षं ती कुंपणावरूनच सही करत आली होती.

ट्वाइट घराण्याबद्दल सांगायलाच हवं. बाप हाल्वोर. त्याच्या घरात घोड्याच्या सामानाचा पट्टा भिंतीला टांगलेला असे आणि तो खाली उतरायला कारण लागत नसे. एकदा दूध सांडलं म्हणून त्यानं बायकोचा खांदा निखळवला आणि मग तिच्याकडूनच जमीन पुसून घेतली. व्हर्ना नऊ वर्षांची असताना, वासरं डागायच्या दिवशी, तिनं पाहुण्यासमोर काहीतरी विचारलं. पाहुणा गेल्यावर हाल्वोरनं जाळातली लाल डागणी उचलली आणि पोरीच्या डाव्या हातावर, कोपराखाली टेकवली. घाईनं नाही. वासराला जितका वेळ टेकवतात तितका वेळ टेकवली. आईनं डॉक्टरला सांगितलं, पोरगी चुलीवर पडली. चारचौघांत तोंड उघडायचं नाही, एवढा धडा व्हर्नानं घेतला आणि सोळाव्या वर्षी घर सोडलं. पुढे लग्न झालं, नवरा बैलाखाली सापडून गेला, आईबाप गेले. बाह्यांची बटणं मात्र पंचेचाळीस वर्षं लागलेलीच राहिली.

बाप मेल्यावर रँच, कळप आणि डाग लाईलकडे आला. ट्वाइटांचा डाग म्हणजे उताणी चंद्रकोर आणि तिच्या डोक्यावर आडवी रेघ. शेजारच्या एनॉस प्रुइटचा डाग म्हणजे नुसती चंद्रकोर. दोन शेजाऱ्यांना इतके सारखे डाग दिले कसे, ते एकोणीसशे एकोणीस सालच्या, डाग नोंदणाऱ्या कारकुनाला विचारा. त्यानं हाल्वोरच्या हातची किती व्हिस्की प्यायली होती तेही विचारा.

एनॉस प्रुइट हा सत्तरीचा, हडकुळा आणि हट्टी माणूस. दर वर्षी त्याच्या दहावीस कालवडी नाहीशा व्हायच्या. तो तक्रार करायचा आणि लोक म्हणायचे, लांडग्यांनी नेल्या असतील, नाहीतर तुला मोजता येत नसेल. सत्त्याहत्तर सालच्या हिवाळ्यात दारूच्या गुत्त्यात त्यानं भर गर्दीत लाईलकडे बोट दाखवलं. लाईलनं हातातला ग्लास शांतपणे खाली ठेवला आणि म्हाताऱ्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. खाली पडल्यावर त्याच्या तोंडावर बूट ठेवून विचारलं, "आता मोज. किती दात राहिले?" तिथं अकरा जण होते आणि अकराही जणांना आपापल्या ग्लासात काहीतरी फार महत्त्वाचं दिसत होतं. एनॉस तेव्हापासून पातळ लापशीवर जगत होता. तो व्हर्नाकडे आला तेव्हा तिनंही त्याला कोरडंच सांगितलं, "संशय घेऊन येऊ नकोस, गाय घेऊन ये." पण त्याचा वाकडा जबडा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात लाईल बत्तीस कालवडी घेऊन आला. तांबड्या, पांढऱ्या तोंडाच्या, दृष्ट लागावी अशा. जोडी क्वाम नावाची सव्वीस वर्षांची पोरगी नवा कळप उभा करत होती, तिनं सकाळीच त्या हेरून ठेवल्या होत्या.

व्हर्ना कुंपणापाशी थांबली नाही. फाटक उघडून आत आली.

"काय गं, कुंपणावरून दिसेनासं झालं?" लाईल हसला. "म्हातारी झालीस की काय?"

"खोड्यात घाल."

"कुणाला?"

"सगळ्यांना. एकेक करून."

आजूबाजूची माणसं कुंपणाकडे सरकली. लाईलनं टोपी मागे सरकवली. "सख्ख्या भावाची गुरं भादरणार तू? सगळ्या बाजारासमोर?"

"परक्याची असती तर एखादी सोडली असती."

"नेसबाई, मला पसंत आहेत त्या," जोडी कुंपणावर बसून ओरडली. "तुमची हजामत लवकर उरका. मला लांब जायचंय."

"तुझ्यासाठीच चाललंय गं बये. गप बस."

पहिली कालवड खोड्यात आली, लोखंड खणाणलं, केस गळून पडले. डाग देतात तो वासराला लहानपणी. जनावर वाढतं तसा तो त्याच्याबरोबर वाढतो, रुंद होतो, त्याच्या कडा घट्ट होतात. कालवडीवरची कोर तशीच होती, जुनी आणि पसरलेली. वरची रेघ मात्र अरुंद, गुलाबी, बोट लावलं तर कोवळी लागणारी. दुसरीची तीच गत, तिसरीचीही तीच. आणि प्रत्येक रेघेचा उजवीकडचा एक कोपरा गायब होता, कुणीतरी दातानं तोडल्यासारखा.

व्हर्नानं त्या तुटक्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला. हा कोपरा तिच्या ओळखीचा होता. पंचेचाळीस वर्षं आंघोळ करताना तिचा हात त्याच्यावरून गेला होता. त्या दिवशी पाहुण्यासमोर आपण काय विचारलं होतं तेही तिला लख्ख आठवलं. ती म्हणाली होती, "बाबा, या डागणीला नुसती रेघच का? हिची कोर कुठाय?" आणि तो पाहुणा म्हणजे एनॉसचा बाप होता. नुसत्या रेघेची डागणी लागते ती शेजाऱ्याच्या कोरीवर रेघ चढवून गाय आपली करायला.

आगाऊपणाची शिक्षा म्हणून ती हे आयुष्यभर अंगावर वागवत होती. जिल्ह्यातल्या लाखभर गुरांचे डाग वाचले आणि स्वतःच्या हातावरचा कधी वाचला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. वीस वर्षं एनॉसच्या गाई तिच्याच सहीनं विकल्या गेल्या होत्या आणि लोकांच्या ताटात जाऊन संपल्या होत्या.

तिनं यंत्र बंद केलं. "या विकायच्या नाहीत."

"रेघ नीट उठली नव्हती," लाईल चटकन म्हणाला. "या उन्हाळ्यात परत गिरवली. गुन्हा आहे का?"

"नाही. कशानं गिरवलीस?"

"डागणीनं. आणखी कशानं? पळीनं?"

"तुझ्या डागणीला कोर आणि रेघ एकत्र आहे, लाईल. मग नुसती रेघ कशी गिरवलीस?"

लाईलचा चेहरा पांढरा पडला आणि पुढच्या क्षणी त्यानं खोड्याकडे येणाऱ्या बोळाचं लोखंडी फाटक सगळा भार टाकून तिच्यावर ढकललं. दोन बरगड्या मोडल्याचा आवाज कुंपणावरच्यांनी ऐकला. ती शेणात पडली, तशी त्यानं मोडल्या बाजूला लाथ घातली, मग आणखी एक. बुजलेल्या कालवडी बोळातून उधळल्या आणि एकीचा खूर तिच्या मांडीवरून गेला. जोडी कुंपणावरून उडी मारून आत आली. तिनं गुरं हाकायचा दांडका उचलून लाईलच्या कानशिलात असा हाणला, की दांडकाच मोडला. दुसऱ्या बाजूनं एनॉस चढून आला होता. त्याच्या हातात खुंट ठोकायचा हातोडा होता आणि डोळ्यांत वीस वर्षं होती.

"एनॉस!" व्हर्ना जमिनीवरूनच ओरडली. तोंडातून रक्त येत होतं. "हातोडा टाक! तू त्याला मारलंस तर आरोपी तू आणि गाई त्याच्या!"

"माझा जबडा..." म्हातारा म्हणाला.

"जबडा मोडला तो मोडला. कळप हवाय का डोकं फोडायचंय, काय ते एक ठरव."

हातोडा खाली पडला. लाईलला धरायला चार माणसं लागली. एवढ्यात शेरीफ आला आणि व्हर्नानं खांबाला धरून उभं राहत त्याच्याकडे एकच मागणी केली, एक कालवड कापायची. बाहेरून डाग फसवतो, आतून फसवत नाही. कातडं उलटं केलं की जुनी खूण आणि नवी खूण स्वच्छ वेगळी दिसते.

"कापा," एनॉस म्हणाला. "माझी नसली तर माझ्याकडची देईन त्याला."

गोळी घातली, कालवड गुडघ्यावर बसली, अर्ध्या तासात कातडं गाडीच्या फळीवर उलटं पसरलेलं होतं. वाफ निघत होती. आतल्या बाजूनं कोर जाड, खोल. रेघ नखानं ओढावी तशी वरवरची. जोडीनं वाकून बघितलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "मी घेतल्या असत्या या," ती पुटपुटली. "कुंपण घालून, वाढवून, आणि मग एक दिवस..."

लाईल जामिनावर सुटला. त्यानंतर आठव्या दिवशी, भर दुपारी, तो व्हर्नाच्या घरी आला. आसपास बघणारं कुणी नव्हतं. मीठ लावलेलं कातडं पुराव्यासाठी तिच्या तबेल्यात कुलपात होतं. त्यानं कुलूप तोडायचे कष्ट घेतले नाहीत. रॉकेल ओतून तबेलाच पेटवला. आत तिचा घोडा होता. घोडा किती वेळ किंचाळत होता ते मी इथं लिहीत नाही, व्हर्नानंही कधी सांगितलं नाही. ती मोडक्या बरगड्यांनिशी बादली घेऊन धावली, तेव्हा त्यानं तिचा उजवा हात धरून मागे पिरगाळला आणि मनगट मोडेपर्यंत सोडला नाही.

"कातडं गेलं," तो तिच्या कानाशी म्हणाला. "डागणी नदीत गेली. आता बोल काय बोलायचं ते." मग त्यानं तिची डावी बाही मुठीत पकडली. "आणि हे दाखवायचा विचारसुद्धा करू नकोस. दाखवलंस तर बाबा काय होते ते सांगावं लागेल. आई खोटं बोलली ते सांगावं लागेल. तुझ्याच्यानं व्हायचं नाही ते. तुला ओळखतो मी."

आणि तो खरंच ओळखत होता.

फेब्रुवारीत खटला उभा राहिला. एकतीस कालवडी सरकारी कुंपणात चारा खात होत्या आणि निकालावर ठरणार होतं, त्या एनॉसच्या दारात जाणार की लाईलच्या. तोवर त्यांतली आणखी एकही कापायची नाही, असा हुकूम लाईलच्या वकिलानं मिळवला होता. कोर्टात बसायला जागा नव्हती. गुत्त्यातले ते अकरा जणही हजर होते. लाईलचा वकील मोठा गोड बोलणारा.

"नेसबाई, गेली वीस वर्षं या कळपाच्या कागदांवर सही कुणाची?"

"माझी."

"वीस वर्षं डाग खरा आणि यंदाच खोटा?"

"वीस वर्षं मी तो बघितलाच नाही. भाऊ म्हणून."

बाकांवर कुजबुज झाली. हे कबूल केलं म्हणजे नोकरी गेल्यातच जमा, हे सगळ्यांना कळत होतं.

"कातडं कुठं आहे?"

"जळालं."

"आणि ही नुसत्या रेघेची डागणी म्हणता, ती कुणी बघितली आहे?"

"मी."

"कधी?"

"एकोणीसशे तेहेतीस साली."

वकील ज्यूरीकडे वळून हसला. "मग आम्हालाही दाखवा की."

लाईल खुर्चीत रेलून तिच्याकडे बघत होता. मनगट नीट जुळलं नव्हतं, म्हणून तिचा उजवा हात अजूनही प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या बाहीचं बटण नेहमीसारखं लागलेलं होतं. त्या बटणाकडे एकदा बघून ती न्यायाधीशांना म्हणाली, "साहेब, एक कालवड बाहेर मागवा. आणि ज्यूरीला अंगणात न्या. इथं दाखवता यायचं नाही."

अंगणात घोटाभर बर्फ होता. कालवड खोड्यात अडकवली, ज्यूरीची बारा माणसं कोट आवळून भोवती उभी राहिली. व्हर्नानं डावा हात पुढे केला.

"एनॉस, माझ्याच्यानं होत नाही. हे बटण तू काढ."

म्हाताऱ्याची बोटं गारठली होती, त्याला वेळ लागला. बाही कोपरापर्यंत वर गेली. तिनं तो उघडा हात कालवडीच्या मांडीवर, डागाच्या शेजारी टेकवला. कालवड शहारली. दोन रेघा एकीखाली एक दिसत होत्या. हातावरची रुंद आणि लांब, जनावरावरची अरुंद. उजवीकडचा कोपरा दोन्हींचा तुटलेला, एकाच जागी, एकाच तिरक्या कापाचा.

"माझी मोठी दिसते," व्हर्ना शांतपणे म्हणाली, "कारण मी नऊ वर्षांची होते. माझ्याबरोबर वाढली ती. बापानं लावली. त्या डागणीला कोर का नाही, असं एनॉसच्या बापासमोर विचारलं म्हणून. आई चुलीवर पडली म्हणाली, ते खोटं होतं."

वकिलाला घाम फुटला होता, त्या थंडीत. "हे... हे कशानंही झालेलं असू शकतं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. याला साक्षीदार आहे का कुणी?"

"आहे," व्हर्ना म्हणाली. "लाईल. तो माझ्या पायांवर बसला होता."

"मला बाबांनी बसवलं होतं!" लाईल ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "मी सहा वर्षांचा होतो! बस नाहीतर तुलाही लावतो म्हणाले! मी काय करणार होतो, व्हर्नी?"

वकिलानं डोळे मिटून घेतले.

"माहीत आहे मला," व्हर्ना म्हणाली. "तू माझ्यापेक्षा जास्त रडत होतास."

ज्यूरीनं आत जाऊन अर्धा तासही घेतला नाही. लाईलला सात वर्षांची शिक्षा झाली. एकतीस कालवडी एनॉसच्या दारात गेल्या आणि त्या रात्री म्हातारा म्हणे गोठ्यातच झोपला. व्हर्नानं स्वतःच राजीनामा लिहून पाठवला, सरकारनं तो नाकारला. तिच्याइतक्या शिव्या खाणारं दुसरं माणूस सापडलं नसावं. महिन्यातून एकदा ती तुरुंगात भावाला भेटायला जाते. काय बोलतात ते कुणाला ठाऊक नाही.

त्या वसंतात जोडी क्वामनं एनॉसकडून त्यातल्याच पंधरा कालवडी रीतसर घ्यायचं ठरवलं. व्हर्ना खोड्यापाशी उभी राहिली, यंत्र सुरू केलं आणि पहिलीला आत बोलावलं.

"अहो नेसबाई," जोडी हसत म्हणाली, "यांचा खटला तुम्हीच लढवलात. एकेकीला नावानं ओळखता. कशाला भादरताय?"

एनॉसही वाकड्या जबड्यानं हसला. व्हर्नानं मान वर केली नाही. कडक ऊन नव्हतं तरी तिच्या बाह्या दुमडलेल्या होत्या.

"ओळखीच्या आहेत म्हणूनच," ती म्हणाली. "धर तिचं शेपूट."